मनुबाईच्या लुगड्याचा रंग

७ फेब्रुवारी १९४४, सोमवार. सांगली.
आजपासून वही. नियम तीन. पहाटे उठणे. काम सोडून इकडंतिकडं न बघणे. राग आला तरी हात न उगारणे.
तिसरा नियम दुपारी मोडला. वाटेत आडवा आला म्हणून गवळ्याला ढकललं. त्यानं मला म्हशीवर ढकललं. म्हशीनंही ढकललं. एकूण बरोबरी झाली म्हणायची.
फोटोवाल्या चांदसाहेबांनी शेवटी काम दिलं. फोटोची काच घरी न्यायची, उन्हात कागदावर छापायची, वर रंग चढवायचा. हरिपूरच्या मनुबाईचा फोटो आहे. नवरा ब्रह्मदेशात लढाईवर. त्याच्याच पलटणीतला लालासाहेब रजेवर आलाय, तो शुक्रवारी दुपारच्या गाडीनं परत जाताना फोटो नेणार. रंग बरोबर आले तर पलटणवाल्यांचे सगळे फोटो मला मिळणार. नाही आले तर आमचे दाजी आकाराम रविवारी मला वडूजला बापाच्या नांगरामागं धाडणार. रंग तर येणारच, म्हणजे आता वडूज संपलं.

८ फेब्रुवारी.
चांदसाहेब समजावून सांगत होते. बाईला रंग विचारून ये, पाकिटावर लिही, कारण फोटोत तांबडं काळं येतं, आकाशी पांढरं येतं, असलं काहीतरी. नेमकी तेव्हाच समोर दोन टांगेवाल्यांची जुंपली. एकानं चाबूक ओढला, दुसऱ्यानं त्याचा कान चावला. कान चावताना मी प्रथमच पाहिलं. रक्त बरंच येतं.
पाकीट कोरं राहिलं. राहू दे. ज्यांना डोळे नाहीत त्यांनी लिहावं.

९ फेब्रुवारी.
ऊन फर्स्ट क्लास. पहिला कागद शेळीनं खाल्ला. तिला धोंडा मारला, तो अक्काच्या माठाला लागला. अक्कानं माठाची खापरी मला मारली. कपाळाला खोक. सख्खी बहीण, पण नेम काय.
दुसरा कागद उत्तम छापला. लुगडं पांढरं आलंय. आपण खोटा रंग देत नाही. आहे तेच आणखी पांढरंशुभ्र केलं. कपाळावर एक काळा डाग होता. काचेवर माशी बसली असणार. ब्लेडनं अलगद खरवडला, वर कातडीचा रंग. गालाला थोडं गुलाबी. नवरा बघताच लढाई टाकून पळत येईल.
दाजी फोटो बघून म्हणाले, बाईचं लय वाईट झालं. म्हटलं, वाईट कुठं, चांगलं झालंय. अक्का म्हणाली, एवढ्या तरण्या वयात! म्हटलं, कलेत वय नसतं. घरात कुणाला काही कळत नाही. एखाद्या दिवशी दोघांची डोकी एकमेकांवर आपटणार आहे.

१० फेब्रुवारी, संध्याकाळी. डाव्या हातानं.
नवा सदरा घालून हरिपूरला गेलो. घर मनुबाईच्या सासऱ्याचं. भाऊसो, पलटणीतून हवालदार होऊन आलेले. सासू धोंडुबाईनं फोटो बघितला आणि मटकन खाली बसून हंबरडा फोडला. मला वाटलं, आनंद. भाऊसोंनी उठून दाराला कडी घातली. मला वाटलं, चहा.
भाऊसो एवढंच म्हणाले, "माझा ल्योक जित्ता हाय. त्याच्या बायकूचं कपाळ पांढरं कुणी क्येलं रं?"
मग कोपऱ्यातला ऊस घेतला. तो माझ्या पाठीवर मोडला. दुसरा घेतला. कोपऱ्यात मोळी होती. धोंडुबाईनं रडत रडतच उलथनं चालवलं. लालासाहेब फोटोसाठी आला होता. त्यानं मी पळू नये म्हणून दार दाबलं. माझा उजवा हात दारात होता.
मीही एक ठोसा मारला. भिंतीला.

११ फेब्रुवारी.
सकाळीच सगळे आमच्या दारात. लालासाहेबानं गचांडी धरली. बाराच्या आत फोटो झाला नाही तर मान मुरगळून मगच गाडीला जाणार म्हणाला. नवा कागद छापला. पण बोटं वांग्याएवढी सुजलेली. ब्रश धरवेना.
मनुबाईही त्यांच्यात होती. डोळे रडून लाल. पुढं आली. "द्या हिकडं. लुगडं आकाशी हाय. त्येंनीच आणल्यालं हाय. त्येंनी पांढरं बघितलं तर तिकडंच जीव सोडतील."
ब्रश घेतला. रंगात पाणी घातलं, अंगावर तेच लुगडं होतं, त्याच्या पदराशी धरला, पुन्हा पाणी, पुन्हा पदर. असं सहा-सात वेळा. एवढं बघायचं असतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी बाजूनं सूचना केल्या. भाऊसोंनी ऊस दाखवला. सूचना थांबवल्या.
कुंकू शेवटी लावलं. ते लावताना कुणी श्वास घेतला नाही. हुबेहूब लागलं. धोंडुबाईनं फोटोवरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. लालासाहेबानं फोटो छातीशी ठेवला आणि स्टेशनकडं पळाला. जाताना मला एक लाथ.

१३ फेब्रुवारी, रविवार.
चांदसाहेबांनी पलटणवाल्यांचे सगळे फोटो मनुबाईला दिले. घरबसल्या. म्हटलं, ती माझीच शिष्या. चांदसाहेब इतके हसले की ठसका लागला. मी पाठीत गुद्दा घातला, मदत म्हणून. त्यांनी एक ठेवून दिली.
निदान काचा हरिपूरला पोचवायचं काम द्या म्हटलं. त्यांनी मनुबाईला विचारलं. उत्तर आलं, "काचा धाडा. त्यो नगं."

दुपारी. वडूजच्या मोटारीत.
हात गळ्यात बांधलेला, डोक्याला फडकं. शेजारच्या म्हाताऱ्यानं जागा करून दिली आणि विचारलं, लढाईवर व्हता काय बाळा. व्हय म्हणालो.
कुठं, म्हणाला.
हरिपूर.