मामांचा दिवाणखाना आणि चौथं प्रकरण

तीर्थरूप मामा,

तुमच्या घरात पाय ठेवायला मला बंदी आहे, टपालाला नाही, असं आई म्हणाली. म्हणून उंबऱ्याबाहेरूनच साष्टांग नमस्कार. तुमचं पित्त कसं आहे? (माझ्यामुळे खवळलंय हे कळलं, औषधानं किती उतरलं ते विचारतोय.) मामीचा गुडघा आता जिना चढू देतो का? आम्ही इकडे मजेत आहोत, म्हणजे आई मजेत आहे.

तुमची तक्रार आईनं शब्दशः ऐकवली. मी 'फक्त प्रौढांसाठी' असा कॉम्प्युटर गेम बनवला, त्यात तुमचा दिवाणखाना तुम्हाला न विचारता वापरला, आणि सकाळी फिरायला येणाऱ्या तुमच्या मित्रानं ते कानावर घातल्यावर तुमची मान खाली गेली. 'सोफा दाखवला, पडदे दाखवले, घड्याळामागचा ओलीचा डागसुद्धा दाखवला! जन्मभर मी लोकांचे हिशेब तपासले आणि भाचा चोर निघाला!' मामा, सगळं कबूल. पण माझी बाजू ऐका.

गेम तसा सोज्वळ आहे. एक दंतवैद्य बाई आणि एक विमा एजंट, दोघंही चाळिशीपुढचे, दोघंही घटस्फोटित, प्रेमात पडतात. कोण काय बोलेल ते खेळणाऱ्यानं निवडायचं. कपडे उतरतात हे खरं, पण त्याआधी ते इतकं बोलतात की निम्मी गिऱ्हाइकं कंटाळून निघून जातात. आता अशा गेममधलं सामान कुणी स्वतः बनवत नाही. सोफे, पलंग, दिवे, सगळं तयार विकत मिळतं. मीही एक लाल सोफा घेतला. लगेच एकानं लिहिलं, 'हा सोफा मागच्या आठवड्यात दुसऱ्या बाईंचा होता.' चौकशी केली तर साऱ्या जगातल्या गेमच्या नायिका त्याच सोफ्यावर बसत होत्या! माझी भागीदार चित्रकार आहे (पूर्वी ती पाककृतींच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायची, तिच्या घरी अजून तेच सांगितलेलं आहे). ती म्हणाली, खरीखुरी खोली आण. नेमका तेव्हाच मी तुमच्याकडे मुक्कामाला होतो. दुपारी तुम्ही घोरत होतात, मी फोटो काढत होतो. चार्जरसाठी प्लग शोधताना ते उभं घड्याळ सरकवलं आणि मागे तो डाग दिसला. इतका जिवंत डाग विकत कुठे मिळणार? लोकांना खोली भयंकर आवडली, मामा. तुमच्या पडद्यांचं कौतुक करणारी पत्रं परक्या भाषांमधूनसुद्धा आली.

आता मला झालेली शिक्षा ऐका. गेम आम्ही एकेक प्रकरण करून विकतो. चौथं तयार झालं, आणि विक्रीला लावायच्या आधीच माझ्या वेंधळेपणानं ते थोडा वेळ साइटवर उघडं राहिलं. लक्षात येताच मी ते तिथून पुसलं, पण तेवढ्यात कुणीतरी उचललं आणि एका चोरट्या साइटवर फुकट वाटायला ठेवलं. मी तळतळून त्यांना लिहिलं, ताबडतोब काढा, नाहीतर कोर्टात खेचतो. (कोर्टाची पायरी कुठल्या बाजूला असते हेही मला माहीत नाही.) असल्या पत्रांना तिथे कुणी भीक घालत नाही. माझ्याच पत्राला मात्र त्यांनी मान दिला! प्रकरण समूळ पुसलं, वर सभ्य भाषेत माफी मागितली. मी दिवसभर छाती काढून फिरलो आणि दुसऱ्या दिवशी लॅपटॉपनं मान टाकली. जादा प्रत नव्हती असं नाही, पण ती त्याच लॅपटॉपच्या दुसऱ्या फोल्डरमध्ये होती. हे सांगितल्यावर दुरुस्तीवाला मला पाणी प्यायला देऊन आत निघून गेला.

शेवटी नाक मुठीत धरून मी त्याच चोरांच्या दारात गेलो. 'चौथं प्रकरण कुणाकडे आहे का? ते मीच बनवलंय,' असं लिहिलं. 'इथे येणारा प्रत्येक जण असंच म्हणतो,' असं सुनावून त्यांनी मला हाकलून दिलं. भागीदार चित्रं माझ्याच लॅपटॉपवर काढायची, तेव्हा तिची वर्षभराची मेहनत पाण्यात. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती काळ्या स्क्रीनकडे बघत बसते. गिऱ्हाइकांना सोमवारचा वायदा दिलाय. तो चुकला तर ती पुन्हा पाककृतींकडे जाईल, आणि मामा, तिच्याशिवाय हे काम करण्यात मला काडीचा रस नाही.

असो. माझं काय व्हायचं ते होईल, तुम्ही तब्येतीला जपा. मामीला नमस्कार.

तुमचा (अजून नाव कापलं नसेल तर) भाचा

ता. क. एक लहानशी विनंती राहिली. घड्याळामागचा डाग फक्त चौथ्या प्रकरणात दिसतो. तोही कधी, तर दंतवैद्य बाईंच्या एकूण एक प्रश्नाला अचूक उत्तर दिलं तरच घड्याळ सरकतं. फिरायला येणाऱ्या मित्राला हे जमेलसं वाटत नाही. इतकं चोख काम करणारा माणूस आपल्या नात्यात एकच. तर तुमच्याकडची ती प्रत पेनड्राइव्हवर घालून सोमवारच्या आत पाठवाल का? कुठून आली, मी विचारणार नाही. मामीलाही कळणार नाही.

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात मामीचा फोन आला. तिला सगळं माहीत आहे. शेवटची काही उत्तरं तिनंच सांगितली म्हणे. प्रत ती आजच पाठवतेय. (भागीदार हे ऐकून आधी हसली, मग रडली, आता पुन्हा हसतेय.) मामी म्हणाली, 'अरे, खोलीचा राग केव्हाच गेला. पुढचं येत नाही म्हणून चिडलेत हे.' मामा, पुढचं प्रकरण तुमच्या स्वयंपाकघरात घडतं. या वेळी आधी विचारतोय. मामीनं हो म्हटलंय. फक्त मिक्सर नवा दाखव म्हणाली.