अर्जदार बाईच्या केसपेपरला लागलेला पतीचा फोटो

दिनांक : १२ मार्च

प्रति,
मा. मुख्य वैद्यकीय अधिकारी,
सार्वजनिक दवाखाना,
तळमजला, खोली क्र. २.

विषय : केसपेपरवरील चुकीचा फोटो काढून अर्जदाराचा रिपोर्ट अर्जदारालाच सांगण्याबाबत.

संदर्भ : १) केसपेपर क्र. ४४१७.
२) अर्जदाराचे दि. २७ जानेवारी व १० फेब्रुवारी रोजीचे दोन अर्ज.
३) दुसऱ्या अर्जाला आपण दिलेले उत्तर, जे अर्जदाराला अद्याप पाहायला मिळालेले नाही.

महोदय,

वरील विषयास अनुसरून कळवण्यात येते की,

१. अर्जदार ही सदुसष्ट वर्षांची बाई असून तिने एकतीस वर्षे धुलाई केंद्रात इस्त्रीच्या टेबलावर काम केले आहे. आपल्या दवाखान्याच्या चादरी आणि डॉक्टरांचे पांढरे कोट त्याच केंद्रात येत, त्यामुळे आपल्या दवाखान्याशी तिचा संबंध जुना आहे. हा अर्ज तिने स्वतः लिहिला आहे. अक्षरओळख अठ्ठावन्नाव्या वर्षी झाली. अक्षर वाकडे दिसले तर तो हाताचा दोष समजावा, विचारपूर्वक लिहिले नाही असे समजू नये.

२. फोटो कसा लागला ते आधी सांगते. अर्जदाराचे गुडघे दुखतात. रांगेत उभे राहणे होत नाही. म्हणून बँक असो, वीजबिल असो, दवाखाना असो, अर्जदाराच्या जागी तिचे पती रांगेत उभे राहतात आणि अर्जदार बाकावर बसते. नंबर जवळ आला की ते हाताने खूण करतात, मग ती उठते. लग्नाला चव्वेचाळीस वर्षे झाली, रांगेची ही पद्धत गुडघेदुखीइतकी जुनी आहे. दि. ९ डिसेंबर रोजी गुडघ्यांसाठी केसपेपर काढायला दोघे आले. पुढचे दोन इसम चहाला निघून गेल्याने पतींचा नंबर एकदम आला. आपल्याकडे त्याच आठवड्यात खिडकीवर वाकड्या दांडीचा कॅमेरा बसला होता. खिडकीवरचे साहेब कॉम्प्युटरमध्ये पाहत होते. त्यांनी जुन्या चिठ्ठीवरून अर्जदाराचे नाव, वय, पत्ता टिपून घेतला आणि मान वर न करता म्हणाले, "इकडे बघा." पतींनी बघितले. त्यांचा स्वभावच तसा आहे, कोणी बघा म्हटले की ते बघतात. त्यांना वाटले, रांगेत उभ्या राहणाऱ्याचा फोटो घ्यायचा नवा नियम निघाला असेल. त्यांनी केसांवरून हातही फिरवला. अर्जदार गुडघे धरत खिडकीशी पोचली तेव्हा चिठ्ठी छापून बाहेर आली होती. चिठ्ठीवर फोटो नसतो, तो कॉम्प्युटरच्या पोटात असतो. त्यामुळे दोघेही समाधानाने घरी गेले.

३. त्यानंतर अर्जदाराला डाव्या छातीत गाठ लागली. दि. ६ जानेवारी, मंगळवारी ती एकटीच आपल्या पहिल्या मजल्यावर आली. गुडघ्यांची गोळी आणायला जाते असे घरी सांगितले होते. आपल्या डॉक्टरीणबाईंनी गाठीत सुई घालून तुकडा घेतला. सुई टोचताना ही बाई कोण आहे असे कोणी विचारले नाही, फोटोही पाहिला नाही. आपल्याकडे तपासणीला चेहरा लागत नाही, निकालाला लागतो, हे तिला नंतर कळले.

त्याच दिवशी सिस्टरने एक छापील कागद दिला. त्यात 'माझ्या आजाराची माहिती माझ्याखेरीज कोणालाही देऊ नये' असे वाक्य होते आणि पुढे रिकामी चौकट. अर्जदाराने ते वाक्य दोनदा वाचले आणि चौकटीत खूण केली. सिस्टर म्हणाली, आजी, घाई नाही, सही सावकाश करा. अर्जदाराने सावकाशच केली.

४. ती खूण का केली हे आपल्याला कळणे आवश्यक आहे, नाहीतर पुढचे सगळे म्हातारीचा हट्ट वाटेल. बावीस वर्षांपूर्वी दुसऱ्या एका दवाखान्यात अर्जदाराच्या पोटाचे ऑपरेशन झाले. डॉक्टर दाराबाहेर पतींशी बोलले. पतींनी सही केली, अर्जदाराने अंगठा दिला. काय आहे असे विचारल्यावर पती म्हणाले, "किरकोळ आहे." पुढे दोन वर्षांनी तापासाठी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेली असता त्यांनी विचारले, तुमची पिशवी कधी काढली. अर्जदाराला वाटले ते हातातल्या पिशवीबद्दल बोलत आहेत. तिने ती उचलून दाखवली. डॉक्टर हसले नाहीत. आपल्या पोटात काय नाही हे अर्जदाराला अशा प्रकारे समजले. घरी येऊन पतींना विचारले तेव्हा ते मोरीत बसून एकच कप बराच वेळ विसळत राहिले आणि म्हणाले, तुला वाईट वाटलं असतं. अर्जदार भांडली नाही. परंतु यापुढे आपले कागद आपण वाचायचे असे तिने त्या दिवशी ठरवले. धुलाई केंद्रात बायकांचा वर्ग निघायला पुढे अकरा वर्षे लागली, त्याला तिचा इलाज नव्हता. वर्ग निघाला तेव्हा पहिले नाव तिने घातले.

पती वाईट माणूस नाहीत. हे मुद्दाम लिहीत आहे. त्यांच्याबद्दल या अर्जात तक्रार नाही.

५. दि. २० जानेवारी रोजी अर्जदार रिपोर्टसाठी आली. सिस्टरने कॉम्प्युटर पाहिला, अर्जदाराकडे पाहिले, पुन्हा कॉम्प्युटर पाहिला आणि चेहरा जुळत नाही असे सांगितले. कोणाचा चेहरा आहे असे विचारता, दुसऱ्या व्यक्तीचा फोटो दाखवता येत नाही, त्या व्यक्तीची माहिती गुप्त आहे, असे उत्तर मिळाले. अर्जदाराने विचारले, "मिशी आहे का?" सिस्टर म्हणाली ते मी सांगू शकत नाही, पण ओठ दाबून हसली. मग अर्जदार म्हणाली की तो तिचा नवरा आहे. त्यावर सिस्टरचे हसू गेले आणि गुप्त फोटोत काय आहे हे बाहेरच्या बाईला कसे कळले अशी विचारणा झाली. त्याची नोंदही वहीत झाली आहे.

६. फोटो बदलण्याचा फॉर्म आहे असे समजल्यावरून अर्जदाराने तो मागितला. नियम असा की, फोटोतल्या व्यक्तीने स्वतः येऊन फॉर्मवर संमतीची सही करायची. फॉर्मच्या माथ्यावर गाठी तपासणाऱ्या विभागाचे नाव ठळक अक्षरात छापलेले आहे, आणि पतींना वाचता येते. गाठ साधी निघाली तर त्यांना कळूही द्यायचे नाही आणि तशी नसेल तर आधी स्वतः ऐकायचे, मग स्वतःच्या तोंडाने त्यांना सांगायचे, एवढीच अर्जदाराची इच्छा होती. म्हणून तिने वरचा भाग आत घेऊन फॉर्मची घडी घातली आणि असा चालेल का असे विचारले. दुमडलेला फॉर्म चालत नाही असे सांगण्यात आले. एकतीस वर्षे घड्या घालणाऱ्या बाईची घडी होती, रेघही दिसत नव्हती, तरी चालली नाही.

नवा केसपेपर काढून पाहिला. त्याच नावाची, त्याच वयाची, त्याच पत्त्यावर राहणारी बाई आधीच नोंदलेली असल्याने कॉम्प्युटरने दुसरी घेतली नाही.

७. म्हणून अर्जदाराने आपल्याकडे अर्ज केले. पहिला अर्ज परत आला, कारण अर्जावरची सही केसपेपरवरच्या व्यक्तीची आहे याची खात्री पटत नव्हती. दुसऱ्या अर्जाला आपण उत्तर दिलेत, त्याबद्दल आभारी आहे. परंतु उत्तर गोपनीय असल्याने ते टपालाने न पाठवता चेहरा पाहून हातात देण्याचा आदेश आहे. ते उत्तर पहिल्या मजल्यावरच्या लोखंडी कपाटात ठेवले आहे. कपाटाच्या काचेतून पाकीट दिसते. त्यावर अर्जदाराचे नाव आहे. ते तिने बाहेरून वाचले. आत काय आहे हे आपल्याला ठाऊक आहे, तिला नाही. या अर्जाचे उत्तरही त्याच कपाटात जाईल अशी तिला भीती वाटते.

८. इथपर्यंत अर्जदार थांबायला तयार होती. आता थांबणे जमत नाही, त्याचे कारण पुढीलप्रमाणे.

केसपेपरवर फोन पतींचा होता. दवाखान्याच्या कॉम्प्युटरने रिपोर्ट पडून आहे असे पाहून त्या फोनवर आपणहून निरोप पाठवला की आपला रिपोर्ट तयार आहे, स्वतः यावे. तो निरोप अर्जदाराने नंतर फोनवर वाचला. पतींना वाटले असणार, रिपोर्ट त्यांचाच आहे. त्यांनी मागे कधीतरी साखर तपासली होती. दि. ५ मार्च, गुरुवारी ते एकटे आले. चेहरा जुळला. त्यांना आत सोडण्यात आले. त्या दिवशी डॉक्टरीणबाई रजेवर होत्या, बदलीचे डॉक्टर होते. बाईचे नाव आणि समोर पुरुष, हे त्यांच्या लक्षात आले असणार. पण चेहरा जुळतो म्हटल्यावर त्यांचाही इलाज चालला नाही की काय ते अर्जदाराला माहीत नाही. पहिल्या मजल्यावर झाडू मारणाऱ्या मावशींनी सांगितले की, तुमचे मालक दहा मिनिटे आत होते, मग बाहेर येऊन जिन्याच्या पायरीवर बसले ते दुपारच्या जेवणाची सुट्टी होईपर्यंत उठले नाहीत. लोक त्यांना ओलांडून जात होते.

दि. १० मार्च रोजी अर्जदार खिडकीवर गेली असता तिला वहीतली नोंद वाचून दाखवण्यात आली. नोंद अशी : 'रुग्णास समक्ष सांगितले. प्रकरण बंद.' रिपोर्टचा कागद दप्तरात जमा झाला आहे. रुग्णाला एकदा सांगून झाल्यावर पुन्हा सांगण्याची तरतूद नाही.

९. महोदय, रुग्णाला सांगितलेले नाही. रुग्ण हा अर्ज लिहीत आहे.

१०. घरची परिस्थिती अशी की, गुरुवारपासून पती अर्जदाराला पाण्याची बादली उचलू देत नाहीत. रेडिओच्या आवाजावरून दोघांचे रोज वाजायचे, तो आता तिला हवा तेवढाच हळू लावतात. चपलेचा अंगठा शिवून घ्यायला गेलो होतो असे त्यांनी गुरुवारी सांगितले, आणि चप्पल तुटकीच आहे. अर्जदाराने सरळ विचारले, "अहो, माझं काय ते तुम्हाला सांगितलं ना?" ते म्हणाले, "तू बस. मी आहे ना." तिने पुन्हा विचारले. ते उठून मोरीत गेले आणि पुष्कळ वेळ नळ वाहत राहिला.

बावीस वर्षांपूर्वी ते किरकोळ आहे म्हणाले होते. या वेळी म्हणाले नाहीत. अर्जदाराला भीती वाटते ती याची. ते परत एकदा खोटे बोलले असते तर तिला राग आला असता, आणि रागात दिवस बरे जातात. आता ती त्यांच्या तोंडाकडे बघून काही वाचता येते का ते पाहते. चव्वेचाळीस वर्षांत जो चेहरा पाठ झाला तोच तिला लागेनासा झाला आहे. पुढे कधी यायचे, औषध घ्यायचे की कापायचे, किती दिवसांत, हे डॉक्टरांनी काही सांगितले असेल तर तेही त्यांच्यापाशीच आहे आणि दिवस तर अर्जदाराचे जात आहेत.

हा अर्ज लिहिताना पती समोर बसले आहेत. काय लिहितेस असे त्यांनी विचारले, तिने सांगितले. दवाखान्याला, असे. ते मग म्हणाले, "शुद्धलेखन बघून देऊ का?" नको म्हटले.

११. तरी मेहेरबानी करून 'प्रकरण बंद' ही नोंद रद्द करावी आणि अर्जदाराला समोर बसवून तिच्या रिपोर्टमध्ये काय आहे ते सांगावे. ओळख पटवण्यासाठी धुलाई केंद्राच्या मुकादमबाई यायला तयार आहेत. अर्जदाराच्या उजव्या मनगटावर इस्त्रीने भाजल्याची जुनी खूण आहे, तीही पाहावी. सुई टोचल्याची जागा आपल्या डॉक्टरीणबाई ओळखतील.

आणि चेहऱ्याशिवाय नियमात बसतच नसेल, तर अर्जदार पतींना बरोबर आणेल. आता त्यांच्यापासून लपवण्यासारखे उरलेले नाही. त्यांना कॅमेऱ्यापुढे बसवावे, चेहरा त्यांचा घ्यावा, चेहरा जुळला की त्यांना बाहेर बाकावर पाठवावे आणि ऐकायला अर्जदाराला आत घ्यावे. ती दार लावून घेईल.

दि. १७ मार्च, मंगळवारी दवाखाना उघडल्यापासून अर्जदार आपल्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून राहील. बातमी बरी असो वा नसो, ती तिची आहे. तोंडी सांगणे अडचणीचे वाटल्यास आपण कागदावर लिहून बाकापर्यंत पाठवावे. डॉक्टरी शब्द टाळावेत आणि अक्षर मोठे काढावे. अर्जदार सावकाश वाचते, परंतु खालच्या सहीपर्यंत सगळे वाचते.

आपली नम्र,
जिचा रिपोर्ट आहे ती अर्जदार
(सही)

सोबत :
१) परत आलेला पहिला अर्ज.
२) फोटो बदलण्याचा फॉर्म, कोरा, आता घडी उलगडलेला.
३) अर्जदाराचे फोटो, दोन प्रती. मागे नाव स्वतः लिहिले आहे.