पुसल्याशिवाय हात लावू नये

मी, खाली सही करणारी, या घरातली धाकटी मुलगी, शिक्षणाने इलेक्ट्रॉनिक्सची अभियंता, पूर्ण शुद्धीवर असताना आणि कोणीही मागे लागलेले नसताना, हे माझे पहिले मृत्युपत्र लिहून ठेवते. परवा माझ्यावर शस्त्रक्रिया आहे. कसली, ते घरात सांगितलेले नाही. इथेही सांगत नाही. वकीलबाईंनी मसुद्यातला ‘द्वेष’ हा शब्द काढायला सांगितला. तेवढा शब्द काढला आहे.

कलम १. आईच्या पश्चात हे घर माझ्या आणि माझ्या थोरल्या भावाच्या, म्हणजे दादाच्या, नावावर निम्मे निम्मे आहे. माझा निम्मा हिस्सा मी आईच्या धाकट्या बहिणीला, मावशीला देते. तिने माझ्या मागच्या खोलीत येऊन राहावे. मावशीचे घोरणे आणि मावशीची मते, दोन्ही भिंतीपलीकडे स्पष्ट ऐकू जातात. दादा-वहिनींनी सवय करून घ्यावी.

कलम २. सोल्डरिंगची हत्यारे आणि मल्टिमीटर ऑफिसात माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीला द्यावेत. ती नेलेली वस्तू परत आणून ठेवते. घरात ही पात्रता कोणाकडे नाही.

कलम ३. दिवाणखान्यात टीव्हीखाली जे यंत्र आहे, ज्याला घरात ‘डबा’ म्हणतात, ते कोणी बनवले याची नोंद आधी करते. दादा पाहुण्यांना “आम्ही घरीच बनवला” असे सांगतो. यातल्या ‘आम्ही’चा वाटा असा: दादाने केबल खोचली, तीही चुकीच्या भोकात. बाकी सगळे मी केले.

आई इस्पितळाच्या टेलिफोन एक्स्चेंजवर होती. तिची मालिका लागायची तेव्हा तिची कामाची पाळी असायची. मालिकेत कोण मेले ते तिला वहिनीकडून कळे, आणि वहिनीला मधला भाग गाळून थेट रडण्यावर यायची सवय. म्हणून हा डबा: टीव्हीवर लागलेले टिपून ठेवतो, नंतर हवे तेव्हा पाहता येते. एका ऑफिसने भंगारात काढलेला कॉम्प्युटर घेतला, त्याचा आवाज करणारा पंखा बदलला, जुन्या बाजारातून मोठी हार्ड डिस्क आणली. नवे घेतले ते फक्त टीव्हीचे चित्र कॉम्प्युटरात घेणारे ट्यूनर कार्ड. स्वस्त कार्ड चित्र दाबून लहान करायचे सगळे काम प्रोसेसरवर ढकलते, आणि म्हातारा प्रोसेसर त्याखाली बसतो. माझे कार्ड आपले काम स्वतः करते. या घरात असे दुसरे कोणी नाही.

आईने एकच मागणी केली. “लाल दिवा लाव. नाहीतर आत काही चाललंय हे मला कसं कळायचं?” लावला.

विचारणे या अर्थी आई ‘पुसणे’ म्हणायची. “मला पुसलंस का?” हा तिचा रोजचा प्रश्न. तिने स्वतःच्या हाताने चिठ्ठी लिहून डब्यावर चिकटवली: ‘पुसल्याशिवाय हात लावू नये.’ वहिनी ती वाचून रोज डबा ओल्या फडक्याने पुसते. वर विणलेला रुमाल घालते, नेमका हवेच्या जाळीवर.

कलम ४. ज्या दिवशी इस्पितळाने एक्स्चेंज बंद केले, त्या दिवशी बातम्यांवाले तिथे आले होते. आई टीव्हीवर दिसली. डब्याने ते टिपले, आणि मी त्याला कुलूप घातले, म्हणजे डिस्क भरली तरी यंत्र ते आपोआप पुसणार नाही. आई गेल्यावर तिचा चालता-बोलता तेवढाच तुकडा उरला होता. त्याची प्रत दुसरीकडे नव्हती. हे दादाला माहीत होते. त्याच्यासमोर मी वहिनीला सांगितले होते.

डिस्क भरली. दादाला अंतिम सामना टिपायचा होता. कुलूप काढताना डबा पडद्यावर विचारतो, ‘नक्की पुसायचे?’ तो प्रश्न मीच त्यात घातला आहे. दादाने ‘हो’ दाबले.

मी घरी आले तेव्हा सामना चालू होता, लाल दिवाही चालू होता.

“आईची बातमी कुठंय?”

“अगं, जागा नव्हती. एवढं काय, बातम्याच होत्या. पुन्हा लागतील.”

“मला विचारलं का नाहीस?”

त्याने चिठ्ठीकडे बोट केले. “लिहिलंय की. पुसल्याशिवाय हात लावू नये. पुसलं, मग हात लावला.”

वहिनी हसली. मी प्लग ओढला. दादा म्हणाला, “शेवटची काही षटकंच राहिली होती गं.” त्या वाक्यासाठी त्याला हे कलम स्वतंत्र दिले आहे.

कलम ५. डबा दादाला देते: रिकामी पेटी, पंखा, लाल दिवा आणि वरची चिठ्ठी यांसह, हार्ड डिस्कशिवाय. दिवा लागेल. आत काही चालणार नाही. वहिनीचा रुमाल वहिनीला परत.

कलम ६. हार्ड डिस्क मावशीला. सामना आईच्या तुकड्यावरच लिहिला गेला होता, पण प्लग वेळेत निघाल्याने शेपूट वाचले. चित्राचे चौकोन झाले आहेत, आवाज स्वच्छ आहे. बातमीदार विचारतो, “आता घरी काय करणार?” मागे घंटा वाजते, आई वळते आणि म्हणते, “थांबा, जोडून देते.” एवढेच उरले आहे. दादाला हे माहीत नाही. सगळे गेले असे तो धरून चालतो, आणि तरीही रात्री व्यवस्थित जेवतो.

मावशीने हे दादाला आपणहून दाखवू नये, आहे असेही सांगू नये. हे मृत्युपत्र वाचल्यावर तो मागेलच. ते मागणेही पुसणे म्हणून धरू नये. त्याने मावशीच्या दारावर टकटक करावी, उभे राहावे, आणि आईचाच शब्द वापरून पुसावे. त्यानंतर दाखवावे. पूर्ण दाखवावे, मध्ये थांबवू नये.

हे सर्व मी वाचून पाहिले आहे आणि मला ते असेच हवे आहे.

ठिकाण: राहत्या घराची मागची खोली, दार लोटून.
दिनांक: शस्त्रक्रियेआधीचा दुसरा दिवस, दुपार.

साक्षीदार पहिला: केबलवाला. “ताई, वाचायला लागेल का?” म्हणाला. नाही म्हटल्यावर खुशीने सही केली.
साक्षीदार दुसरी: वरच्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका. सहीआधी कलम ३ मधला एक ऱ्हस्व दीर्घ करून घेतला.

सहीपूर्वीची टीप: साक्षीदार बसलेले असताना दादा दार ढकलून आत आला आणि म्हणाला, “काय चाललंय? मीपण सही करू का?” ज्याला काही मिळायचे आहे त्याला साक्षीदार होता येत नाही, असे मी सांगितले. “म्हणजे मला काहीतरी आहे तर,” असे म्हणून तो गेला. दार त्याने उघडेच ठेवले.

त्याचा ‘सही करू का?’ हा प्रश्न कलम ६ मधले पुसणे म्हणून मोजू नये.

(सही)