ह्यांच्या मापाची सीट

ती. ताईस,

धाकटीचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा आता कुरकुरत नसेल, भावोजींचा खोकला गेला असेल आणि तुमच्या घरी माणसं अजून खुर्चीवर बसत असतील, अशी आशा करते. आमच्याकडे ती सोय राहिलेली नाही. (हे पत्र ओट्याशी उभ्याने लिहितेय, अक्षर पोटात घाल.)

आमच्या ह्यांनी घरामागच्या शेडमध्ये स्वतःच्या हातांनी स्पोर्ट्‌स कार बांधायला घेतलीय, हे तुला ठाऊक आहे. सांगाडा झाला, इंजिन बसलं, चाकं लागली आणि एका सकाळी ती चक्क सुरू झाली. आवाजाने शेजाऱ्यांनी धडाधड खिडक्या लावल्या आणि ह्यांचे डोळे पाण्याने भरले. (माझ्या दोन्ही बाळंतपणांत ते ठणठणीत कोरडे होते.) मग लक्षात आलं की गाडीत बसायला काहीच नाही. तयार सीट आणा म्हटलं, तर असे दचकले की जणू मी तयार नवरा आणायला निघाले होते! स्वतः बांधलेल्या गाडीत दुसऱ्याने केलेली सीट म्हणजे ह्यांच्या लेखी घोर अपमान.

पहिली सीट प्लायवूडची. तिच्यासाठी फोम हवा म्हणून मी बाजारात गेले असताना ह्यांनी जेवणाच्या खुर्च्यांची पोटं फाडली. (सगळ्या खुर्च्यांची. पाहुण्यांचीसुद्धा.) वरचं रेक्झिनचं कव्हर अर्थातच मी शिवायचं. झबली आणि उशांचे अभ्रे यापलीकडे जग न पाहिलेलं माझं मशीन, त्याने सुयांवर सुया मोडल्या आणि शेवटी ते रुसून बसलं. एवढं करून हे आत बसले, तर डोकं काचेच्या वर आणि पाय पेडलपासून चार बोटं लांब. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते मी डोळ्यांनी पाहिलं.

मग ह्यांना कुठूनसं कळलं की शर्यतीतले लोक सीट अंगावर ओतून घेतात. दोन द्रव मिसळून मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालायचे आणि पिशवीवर बसून राहायचं. फोम फुगतो, अंगाचा आकार घेतो आणि घट्ट होतो. हे जुना पायजमा घालून गाडीत बसले आणि मी ओतलं. ताई, उतू जाणारं दूध पाहिलंयस ना? तसा तो फोम वर आला, पिशवी फाटली आणि ह्यांच्या कमरेभोवती, पायजम्यात, हँडब्रेकवर, जिथे फट दिसेल तिथे शिरला. हे ओरडले, “अगं, बंद कर!” मी म्हटलं, “कशाने? ह्याला काय शेगडीसारखं बटण आहे?” तोवर तो दगड झाला आणि त्यात हे.

आवाज ऐकून मामंजी आले. मुलगा आपलं ऐकून घेत नाही, दोन शब्द बोलायला गेलं की उठून जातो, ही त्यांची जन्माची तक्रार. त्यांनी नीट पाहिलं, हलवून पाहिलं, खात्री करून घेतली, स्टूल ओढलं आणि म्हणाले, “सूनबाई, घाई करू नकोस.” मी पाव कापायच्या सुरीने फोम कापत होते आणि ते शाळेपासूनचं सगळं काढत होते. दुपार झाली तेव्हा पायजमा आत ठेवून नवरा बाहेर काढला. सीट गेली, पण बापलेक एका ताटात जेवावं तसे शेजारी शेजारी (उभे राहून) जेवले, आणि चक्क गिअरबद्दल बोलत होते.

पुन्हा त्यात बसायची ह्यांची छाती नव्हती. माझा साचा काढू आणि नंतर आतून तासून ह्यांच्यापुरता रुंद करू, असं ठरलं. नाही नाही म्हणत मी बसले. या वेळी दोन पिशव्या, एकात एक. फोम उबदार होत पाठीशी आला, कमरेखाली भरला. ताई, इतकी वर्षं दुखणाऱ्या माझ्या पाठीला कुणीतरी पहिल्यांदा विचारलं, काय गं, इथे दुखतं का? सीट अशी सुरेख आली की हे कानस घेऊन आले तेव्हा मी त्यात जाऊन बसले आणि उठले नाही. ह्यांनी मामंजींकडे पाहिलं. मामंजी म्हणाले, “माप जिचं, सीट तिची.”

असो. या छंदापायी घरदार गेलं, मशीन गेलं, माझी अक्कल जायच्या बेतात आहे. त्या गाडीचं नाव काढलं तरी डोकं उठतं. भावोजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझी,
धाकटी

ता. क. : ह्यांना सीटमध्ये घुसवायचा प्रयत्न काल पुन्हा झाला. मांड्यांशी अडकतात. सीट स्टीअरिंगच्या बाजूची आहे.

ता. क. दुसरा : तू इतकी वर्षं गाडी चालवतेस, तर जरा आठ दिवस येऊन मला शिकव ना. ह्यांच्याकडून शिकायला गेले तर गाडी येईल, संसार जाईल. ह्यांची अडचण मनात आणू नकोस. गाडीत दोनच माणसं मावतात.