मला मराठी येत नाही

सौ. वन्सं यांना,

वाकून नमस्कार. तुमचा गुडघा एव्हाना ताळ्यावर आला असेल अशी आशा आहे. तुमचे भाऊ मजेत आहेत, म्हणजे मी सांगते ते न ऐकता पेपर वाचत आहेत. मी मात्र सध्या शाळेत मराठी न येणारी बाई म्हणून वावरते आहे, त्याचीच ही हकिगत.

आमच्या मोठ्या बाई (मुख्याध्यापिका, पण तसं म्हटलेलं त्यांना रुक्ष वाटतं) कुठलंसं प्रशिक्षण घेऊन आल्या आणि शिशुवर्गाच्या इंग्रजीचं नियोजन नव्याने करा म्हणाल्या. बाईंना मराठी येतं याचा मुलांना सुगावा लागू द्यायचा नाही, म्हणजे गरजेपोटी ती इंग्रजी बोलतील, हे त्यातलं मर्म. मी अजून तात्पुरतीच, आणि कायम करायचं की नाही हे त्या माझा वर्ग पाहून ठरवणार. तेव्हा मी मान डोलावली आणि झकास तक्ता आखला: विषय, साहित्य, अपेक्षित प्रतिसाद. पहिल्याच दिवशी एकाने कळवळून ‘बाई, शू’ म्हटलं. मी नियोजनाबरहुकूम चेहरा कोरा ठेवला. प्रतिसाद तत्काळ मिळाला, फक्त तो तक्त्यात बसणारा नव्हता. फरशी मीच पुसली.

मग ठोकळ्यांच्या कोपऱ्यात मुलांची काहीतरी खलबतं झाली आणि बाई जरा मंद आहेत यावर एकमत झालं. (या मताला आपल्या घरातही पाठिंबा आहे, ठाऊक आहे मला.) त्यांनी इंग्रजी शिकायचं सोडून मला मराठी शिकवायला घेतलं. पेला दाखवून ‘पाणी’, नळ दाखवून ‘पाणी’, मी चुकले की पुन्हा ‘पाणी’. मी प्रशिक्षणात न शिकलेल्या युक्त्या ही चिमुरडी वापरत होती. आणि वन्सं, आमच्या वर्गात एक मौनीबाई आहे. शाळेत आल्यापासून तिने कुठल्याच भाषेत तोंड उघडलं नव्हतं. तिची आई रोज दारात उभी राहून, आज काही बोलली का, असं विचारायची. त्या पोरीने एके दिवशी माझी हनुवटी धरली, चप्पल नाकासमोर नाचवली आणि म्हणाली, ‘चप्पल. म्हण.’ मी म्हटलं. तिने टाळ्या वाजवल्या. मला रडूच आलं, खोटं कशाला सांगू?

नेमक्या त्याच आठवड्यात मोठ्या बाई वर्ग पाहायला आल्या आणि इवल्याशा खुर्चीत कशाबशा मावल्या. वर्गात सगळीकडे मराठी! माझी नोकरी गेल्यात जमा होती. तेवढ्यात मौनीबाई त्यांच्यापाशी गेली. यांनाही मराठी येत नसणार, असं धरून तिने माझी रदबदली केली: ‘टीचर न्यू. टीचर गुड. टॉक स्लो.’ मोठ्या बाई गहिवरल्या. हे सगळं नियोजनाचं फळ, असं ठरवून त्यांनी मला कायम केलं. शिवाय माझा तक्ता आता सगळ्या वर्गांना वाटणार आहेत.

मुलांना आशीर्वाद.

तुमची वहिनी

ता. क. तुम्ही पुढच्या आठवड्यात येताय, फार आनंद आहे. मात्र शाळा सुटताना मला न्यायला फाटकाशी आलात, तर कृपा करून माझ्याशी मराठीत बोलू नका. तुमचा आवाज ठोकळ्यांच्या कोपऱ्यापर्यंत पोचतो. बाईंनी फसवलं असं त्या पोरीला वाटलं, तर ती पुन्हा गप्प होईल, आणि ते मला सोसायचं नाही.

ता. क. २. अगदीच राहवलं नाही, तर एकेक शब्द बोला, सावकाश. मी बरोबर म्हटलं की टाळ्या वाजवायला विसरू नका. इतक्या वर्षांत तुमच्याकडून एकदा तरी मिळतील.