नानांच्या अंगठ्याला टिकणारा प्रिंटर

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (गुडघ्यामुळे सध्या खाली वाकणं बंद आहे. तेव्हा नमस्कार खुर्चीत बसल्या बसल्या घातला आहे असं समज, आशीर्वाद मात्र पूर्ण दे.) इकडे आम्ही तिघंही बरे आहोत. तुझी कंबर काय म्हणते? दाजींनी साखर खरंच सोडली, की फक्त तुझ्यासमोर सोडली? पत्र छापील आहे म्हणून रागावू नकोस. मागचं हाताने लिहिलं होतं, तर तू त्याला दहापैकी चार गुण देऊन परत पाठवलंस. शाळेतून निवृत्त होऊन तुला सहा वर्षं झाली हे कुणीतरी तुला सांगायला हवं. मी धाकटा पडतो.

तर तुझा प्रश्न. दाजी पुढच्या खोलीत स्वतःचं छोटं ऑफिस थाटताहेत, तिथे प्रिंटर कुठला घ्यावा ते दोन ओळींत कळव, असं तू लिहिलं होतंस. त्या दोन ओळी अशा: काळा-पांढरा लेझर घ्या. रंगीत शाईवाला घेऊ नका. आता या दोन ओळींपर्यंत मी कसा पोचलो तेही ऐक, कारण त्यात माझे सहा आठवडे, नानांची जीभ आणि एका चांगल्या डॉक्टरांची अब्रू खर्ची पडली आहे.

तुम्ही दोघांनी मला पन्नाशीला दिलेला तो रंगीत प्रिंटर होता ना, तो आता नाही. (दाजींना पत्र वाचून दाखवशील तेव्हा हा परिच्छेद गाळ. अगदीच विचारलं तर म्हातारपणाने गेला म्हणावं.) देणाऱ्याचा हेतू चांगला होता, प्रिंटरचा नव्हता. मी पडलो डीटीपीवाला. लोकांचे अहवाल, नियमपुस्तिका आणि सूचनापत्रकं यांची पानं लावणं हा माझा धंदा, म्हणजे सगळा मामला काळ्या अक्षरांचा. पण त्याच्या पोटातली पिवळी शाई संपली की तो काळं छापायलाही साफ नकार द्यायचा. पिवळ्याचा काय संबंध, असं मी त्याला मोठ्या आवाजात विचारलेलंही हिने ऐकलं आहे. आठवडाभर वापरला नाही तर शाई वाळायची. वाळली की तो स्वतःची नळी साफ करायला घ्यायचा, दहा मिनिटं आतल्या आत खुडबुड करायचा आणि साफ होऊन तयार व्हायचा तेव्हा होती नव्हती ती सगळी शाई पिऊन बसलेला असायचा. हे सगळं मी पाच वर्षं सोसलं, कारण तुझी भेट. खरी अडचण झाली ती नानांच्या अंगठ्याने.

नानांचा अंगठा तुला ठाऊक आहे. छापखान्यात अडतीस वर्षं प्रुफं तपासली आणि अडतीस वर्षं प्रत्येक पान जिभेला अंगठा लावूनच उलटलं. आईने बोलून पाहिलं, तूही लहानपणी आरोग्याचे धडे वाचून दाखवलेस, उपयोग शून्य. छापखान्यातली शाई पक्की, त्यामुळे तिथे निभावलं. इथे माझ्याकडे राहायला आल्यापासून ते माझी प्रुफं बघतात, तीही कागदावरच. पडद्यावर वाचत नाहीत. पडद्यावरची चूक आपण बघायला गेलो की सरकते, असं त्यांचं म्हणणं. आता त्या रंगीत यंत्राची शाई पाण्यात विरघळणारी. ओला अंगठा पानाच्या कोपऱ्याला लागला की तिथली ओळ अंगठ्यावर यायची, अंगठ्यावरून जिभेवर जायची आणि उरलेली पुढच्या पानावर उतरायची. मग पुढच्या पानावरच्या त्या डागाभोवती नाना लाल गोल करायचे आणि समासात लिहायचे, ‘हे काय आहे?’ मी कपाळाला हात लावायचो आणि पान पुन्हा छापायचो.

अशात एकदा त्यांना खोकला झाला म्हणून आम्ही कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी जीभ बघितली आणि त्यांचा चेहराच उतरला. जीभ मध्यभागी काळीनिळी. त्यांनी खाणंपिणं विचारलं, झोप विचारली, वजन केलं, मला बाजूला घेऊन खानदानी आजार विचारले. (मी घाबरून तुझी कंबरही सांगून टाकली.) मग एका छापील कागदावर पाच तपासण्या लिहून दिल्या. नानांनी तो कागद हातात घेतला, सवयीने डॉक्टरांच्या नावातली एक चूक दाखवली आणि मागे काही लिहिलंय का बघायला जिभेला अंगठा लावून कागद उलटला. डॉक्टरांची पदवी अंगठ्यावर आली. ती तशीच जिभेकडे निघालेली डॉक्टरांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. मग त्यांनी कागद परत घेतला, पाचही तपासण्या खोडल्या, खोकल्याचं औषध लिहिलं आणि त्याखाली लिहिलं, ‘लेझर प्रिंटर’. तो कागद मी जपून ठेवला आहे. पुढच्या महिन्यात डॉक्टरांनीही लेझर घेतला असं कळलं.

दुकानात मला एकट्याला जायचं होतं. नाना तयार होऊन दारात उभे. खिशात भिंग, हातात स्वतःच्या अक्षरातला एक कागद, त्यावर छापून बघायचा मजकूर. दुकानदार सभ्य गृहस्थ. त्याने विचारलं, महिन्याला किती पानं निघतात, किती जण वापरणार, वायरने जोडणार की वायफायवर. मी उत्तरं देत होतो, नाना देऊ देत नव्हते. तो म्हणाला, हे मिनिटाला चाळीस पानं काढतं. नाना म्हणाले, “मी मिनिटाला एक वाचतो. उरलेली एकोणचाळीस तुम्ही वाचणार का?” तो म्हणाला, हे आपोआप पाठपोट छापतं. नाना म्हणाले, प्रुफ एकाच बाजूला हवं, पाठीमागून दुसरं पान डोकावायला लागलं की लक्ष उडतं. (दाजींना मात्र पाठपोट घ्यायला सांग, कागद निम्मा लागतो. आमचं गिऱ्हाईक वेगळं.) एका यंत्रात काळ्या पुडीची डबी (टोनर म्हणतात ती) आणि ड्रम, म्हणजे ती पूड कागदावर उतरवणारा रूळ, एकच, दुसऱ्यात दोन्ही वेगळे. त्यातलं वेगळंवालं घ्यावं. पूड संपली की फक्त डबी बदलायची, ड्रम बरीच वर्षं टिकतो. आणि नव्या यंत्रासोबत येणारी पुडीची डबी अर्धीमुर्धीच भरलेली असते, तेव्हा दुसरी लवकरच लागते. हे सगळं मी दुकानदाराकडून शिकून घेत होतो, तोवर नाना एकेका यंत्रातून नमुन्याचं पान काढून त्यावर ओला अंगठा घासत पुढे चालले होते. सातही पानं टिकली. दुकानदाराने समजावलं की लेझरमध्ये शाई नसतेच, काळी पूड असते आणि ती कागदावर भाजून बसवतात. हे ऐकून नानांचा चेहरा असा खुलला की बस. भाजलेलं अक्षर, असं ते दोनदा स्वतःशीच म्हणाले.

शेवटी मधल्या आकाराचं घेतलं. वर काच आणि झाकण असलेलं, म्हणजे कॉम्प्युटरला हात न लावता नक्कल काढता येते. हा हट्ट नानांचा. प्रत्येक कागदाची एक प्रत आपल्याजवळ असावी, हा छापखान्यातला नियम त्यांनी अजून सोडलेला नाही.

घरी आणल्यावर प्रश्न आला ठेवायचं कुठे. माझं टेबल त्याच्या वजनाने डुगडुगायला लागलं. स्वयंपाकघरात हिने प्रवेश नाकारला. शेवटी आईच्या शिलाई मशीनचं लोखंडी टेबल कामाला आलं. ते नानांच्या खोलीत, खिडकीशी, त्यांच्या खुर्चीच्या अगदी उजव्या हाताला. आता मी पुढच्या खोलीत बसून हुकूम सोडतो आणि पान निघतं नानांच्या मांडीशेजारी. निघायच्या आधी खोलीतला दिवा क्षणभर मंद होतो (घाबरू नका, या यंत्राला तापायला वीज लागते). कधीकधी ते झोपलेलं असतं, तेव्हा जागं व्हायला वेळ घेतं. ट्रे रिकामा असेल तर लाल दिवा लावून मुकाट वाट बघतं, आणि कुणी कागद घातला की मघाचं राहिलेलं काम पुरं करतं. एवढा गुण आमच्या घरात दुसऱ्या कुणात नाही. नाना पान गरम असतानाच उचलतात, दोन्ही तळहातांत धरतात आणि मग भिंग लावतात. खोकला गेला. जीभ गुलाबी आहे.

तेव्हा दाजींना हेच घ्यायला सांग. जागा आधी मोजा, टेबल हलवून बघा आणि पुडीची जादा डबी घरात ठेवा. बाकी दाजींचा अंगठा कोरडा आहे, काळजी नाही. त्यांना नमस्कार. उत्तर लिही, पण यावेळी गुण नकोत.

तुझा,
धाकटा

ता. क. नाना आत्ताच फिरायला गेलेत, तासाभराने येतील, म्हणून खरं ते लिहितो आणि ते परतायच्या आत छापून पाकिटात घालतो. ताई, या प्रिंटरची ऑफिसला काडीची गरज नव्हती. गेल्या वर्षापासून माझ्याकडचं एकही गिऱ्हाईक कागदावर प्रुफ मागत नाही. सगळे फोनवरच बघतात आणि फोनवरच ‘ठीक’ म्हणतात. मध्यंतरी महिनाभर नानांना द्यायला माझ्याजवळ काहीच नव्हतं. ते रोज सकाळी आंघोळ करून, लाल पेनाचं टोपण काढून खुर्चीत बसायचे आणि दुपारी टोपण लावून मला वेळ विचारायचे. त्यांच्या समोर भिंतीवर घड्याळ आहे गं. मला ते बघवलं नाही. तेव्हापासून मी पाच-सहा वर्षांपूर्वीची झालेली कामं तारखा बदलून पुन्हा छापतो आणि त्यांना देतो. त्यात चुका घालायचं काम हिचं. तिचा हात आता त्यात छान बसला आहे, एका पानावर तीन. आणि नाना सगळ्या पकडतात.

ता. क. २. पण जुनी कामं संपत आली. उरली फक्त एका मंडळाच्या सभासदांची यादी, तीत वाचण्यासारखं काही नाही. म्हणून तुझ्याकडे मागणं आहे. शाळेतल्या आठवणी लिहिणार लिहिणार म्हणून सहा वर्षं सांगते आहेस, त्या आता खरंच लिही. आठवड्याला दहा पानं पाठव. एका नव्या लेखिकेचं पुस्तक आलंय म्हणून मी त्यांना देईन. आणि कृपा करून शुद्ध लिहू नकोस. थोड्या चुका घाल, त्यांना बरं वाटतं.

चि. ताईस अनेक आशीर्वाद. हे लाल शाईतलं मी लिहितो आहे, नाना. आज पाय भरून आले म्हणून निम्म्या वाटेतून परतलो. चिरंजीव गॅलरीत फोनवर कुणाशी तरी हुज्जत घालत उभे होते. खोलीत यंत्राचा लाल दिवा लागलेला. ट्रेमध्ये कागद नव्हता. मी भरला. मग हे बाहेर आलं, आणि गरम कागद समोर असला की मला वाचल्याशिवाय राहवत नाही. एकूण अकरा चुका आहेत, वर खुणा केल्या आहेत. मजकूर बरा आहे, थोडा पाल्हाळिक.

ही कामं जुनी आहेत हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं. मी एकदा तपासलेलं पान परत समोर आलं तर ओळखणार नाही का? शिवाय खरी चूक माणसाच्या घाईत होते. सूनबाईंच्या चुका सावकाश केलेल्या असतात, आणि पहिली नेहमी चौथ्या ओळीत. बिचारी दुपारची झोप मोडून त्या घालत बसते. मी न पकडल्यासारखं करू कसा?

तर तू असं कर. सगळ्या पानांची मी काचेवर ठेवून नक्कल काढली. बिनखुणांची मूळ प्रत जशी बाहेर पडली होती तशीच पालथी ट्रेवर ठेवली आहे, ती तो तुला पाठवेल. ही खुणांची प्रत मी स्वतः टपालपेटीत टाकून येतो. म्हणजे तुला एकच पत्र दोनदा येईल. उत्तर त्या बिनखुणांच्या पत्राला लिही आणि मला काही कळल्याचं त्याला कळू देऊ नकोस. पान हातात दिलं की दारात उभा राहून तो माझ्या तोंडाकडे बघतो, लहानपणी प्रगतीपुस्तक आणून उभा राहायचा तसाच. ते मोडायचं नाही.

आठवणी मात्र लिही, मला वाचायच्या आहेत. त्यात चुका मुद्दाम घालू नकोस. तुला त्याची गरज कधीच पडली नाही.