निळं स्टूल आणि दोन झेंडे

६ ऑक्टोबर २०१८, शनिवार. इचिकावा
पोस्टरं लागली एकदाची! स्टेशन, लायब्ररी, सुपरमार्केट, कम्युनिटी हॉल. प्रत्येकावर हॉलवाल्यांचा शिक्का. ऑफिसात डबा खाता खाता केलेलं डिझाइन, पण झकास दिसतंय. लालभडक, मधोमध पिवळा तारा. व्हिएतनाम म्हटलं की दुसरं काय?
आता ३-४ नोव्हेंबरला फेस्टिव्हल. देश सोडून गेलेल्या व्हिएतनामी लोकांच्या मुलांनी केलेल्या फिल्म्स. एक पॅरिसची, एक सिडनीची, एक कोबेची, आणि माझ्या मैत्रिणीची, लिन्हची. तिची पहिलीच, स्वतःच्या बाबांवर.
नवरा, समीर, म्हणतो, "हॉल जपानी, फिल्म व्हिएतनामी, तू पार्ल्याची. तुझा काय संबंध?" आहे संबंध. २०११च्या भूकंपानंतर नळ कोरडे, लिफ्ट बंद, लेक सई कडेवर. तेव्हा लिन्हचे बाबा पाण्याचे कॅन घेऊन जिना चढून यायचे. आम्ही न सांगता. नवरोजी तेव्हा टोकियोत अडकले होते, त्यांना काय आठवणार!

७ ऑक्टो., रविवार
सकाळीच लि.चा फोन. रडत होती. बाबांनी स्टेशनवर पोस्टर पाहिलं. घरी येऊन एवढंच म्हणाले, "मी येणार नाही."
ज्या कम्युनिस्टांचं राज्य आलं म्हणून बाबा होडीत बसून देशाबाहेर निघाले, त्यांचा तो लाल झेंडा. बाबांचा झेंडा जुन्या दक्षिण व्हिएतनामचा, पिवळा, तीन लाल पट्ट्यांचा.
"अगं, पण तुला पाठवलं होतं ना? छान म्हणालीस!"
"न उघडताच छान म्हणाले मी. एडिटिंग चालू होतं."
इतक्या वर्षांची ओळख आणि मला हे माहीत नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुपारी सायकल काढली, सगळी पोस्टरं स्वतः उतरवली. सुपरमार्केटमधल्या बाईंनी विचारलं, रद्द झालं का? म्हटलं, अजिबात नाही.

९ ऑक्टो.
शिक्का मारलेल्या पोस्टरवर कागद चिकटवलेला चालत नाही. नवं पोस्टर, नवा शिक्का. हॉलचे इतो-सान दातांतून हवा ओढत "चोत्तो..." म्हणाले. म्हणजे नाही. उठलेच नाही मी. हसत बसून राहिले. शेवटी म्हणाले, चित्र तयार झालं की आणा, बघू.
चित्र कसलं, ते मात्र सुचत नाहीये.

१४ ऑक्टो., रविवार
मीटिंग. बाबांसारख्या होडीतून आलेल्या जुन्या मंडळींतल्या दोन काकांचं म्हणणं, चूक झालीय ना, मग आता पिवळा झेंडा लावा. स्टेजवर, मोठा.
थाओ उभी राहिली. बेन्तोच्या, म्हणजे तयार डब्यांच्या, फॅक्टरीत आहे, व्हिएतनामहून करारावर आलेली. खाण्याचं सगळं तिने आणि तिच्या मैत्रिणींनी अंगावर घेतलंय. हळू आवाजात म्हणाली, "पिवळा लावलात तर आम्हाला येता येणार नाही. कुणी फोटो काढला, गावात पोचला, तर पोलीस आईला विचारायला येतील."
मग मीच म्हटलं, "कुठलाच नको. फिल्म बघायला बोलावतोय, झेंडावंदनाला नाही." जरा जास्तच जोरात गेलं. एक काका उठून गेले. जाऊ देत. हॉलमध्ये झेंडा नाही म्हणजे नाही.
घरी सईला विचारलं, पोस्टरवर काय काढू? मान वर न करता जपानीत उत्तर, "आजोबा ज्यावर बसतात ते."
कार्टी हुशार आहे. बाबांचं निळं प्लास्टिकचं बुटकं स्टूल! लि.च्या फिल्मभर आहे ते. बाल्कनीत त्यावर बसूनच ते तिकडे राहिलेल्या धाकट्या भावाबद्दल बोलतात. तो दुसऱ्या, लाल झेंड्याच्या बाजूला गेला. भेट नाही, पत्र नाही.

२० ऑक्टो., शनिवार
शिक्का मिळाला, स्टूलवाली पोस्टरं लागली. एक बाबांना द्यायला गेले. बराच वेळ बघत होते.
"पाय जाड काढलेत. एवढे नसतात."
"मग येणार ना तुम्ही?"
"त्या फॅक्टरीतल्या मुली येणार आहेत?"
"येणार आहेत. खाणं त्यांचंच आहे."
पिशवीभर पर्सिमनची फळं दिली आणि दारापर्यंत आले. ‘हो’ नाही, ‘नाही’ही नाही.

२ नोव्हें.
लि. म्हणते फिल्म मागे घेते. "बाबाच नसतील तर दाखवू कुणाला?"
"मला दाखव. मी काय नुसत्या खुर्च्या मांडायला आलेय?" मी फोनच ठेवला. नंतर वाईट वाटलं. पण ठरलंय ते ठरलंय.

३ नोव्हें., शनिवार
हॉल भरला. खुर्च्या कमी पडल्या.
आणि बाबा आले! काखेत निळं स्टूल. पण दाराशी, जिथे बूट काढूनच आत जायचं, त्या बुटांच्या रॅकपाशीच थांबले. स्टूल टेकवलं, बुटांसकट बसले. "गुडघे दुखतात. इथेच बरंय." मी रॅकमधून हॉलच्या सपाता काढल्या आणि आत जाताना पायात सरकवता येतील अशा त्यांच्यासमोर मांडल्या. त्यांनी दुसरीकडे पाहिलं.
फिल्म चालू असताना दार बंद ठेवायचं, हा इथला नियम. मी फट ठेवली. इतो-साननी ते पाहिलं, बाबांनाही पाहिलं, आणि छत्र्यांचा स्टँड सरळ करायला निघून गेले. आतून बाबांचाच आवाज येत होता, भावाबद्दलचा. बाबा पुढे वाकून ऐकत होते. मी दार धरून उभी राहिले.
थाओ आली. स्प्रिंग रोलची बशी त्यांच्या मांडीवर ठेवली, उंबऱ्यापाशी बसली. त्यांनी व्हिएतनामीत काहीतरी विचारलं, तिने सांगितलं. मी नंतर विचारलं तर म्हणाली, "गाव कुठलं, विचारत होते."
आत टाळ्या. मी दार उघडायला वळले तेवढ्यात बाबा निघून गेले. बशी रिकामी. स्टूल तिथेच.
लि. धावत बाहेर आली. "बाबा कधी काही विसरत नाहीत." स्टूल उचलायला वाकली. "घरी नेऊ?"
"हात लावू नकोस."
उद्या लि.च्या फिल्मचा दुसरा खेळ आहे. स्टूल मी हॉलच्या आत ठेवून आलेय, पहिल्या रांगेच्या टोकाला. न्यायचं असेल तर बूट काढावे लागतील.